दारे उघडताना : महासाथ आणि मनोरंजन उद्याने

मनोरंजन उद्यान, अथवा आजच्या बोलीत थीम पार्क, ही जत्रेचीच धाकटी बहीण आहे. आकाशपाळणा, चक्री, नकला, मिरवणूक, खाऊची दुकाने आणि हौसेने आलेला जनसमुदाय या सर्व गोष्टी जत्रेत होत्या आणि उद्यानातही आहेत. दोहोंमध्ये एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. जत्रेला कुंपण नसते. मनोरंजन उद्यानाला कुंपण असते, दार असते आणि त्या दाराशी तिकीट घेणारा मनुष्य असतो. आत किती माणसे आहेत, ती कोणत्या वाटेने चालतील, कोठे थांबतील आणि किती वेळ थांबतील, याचा विचार उद्यानाच्या आखणीतच केलेला असतो.

२०२० साली कोव्हिड-१९ या रोगाची साथ जगभर पसरली, तेव्हा या फरकाला अनपेक्षित महत्त्व आले. जत्रा भरवावयाची किंवा रद्द करावयाची, एवढे दोनच पर्याय असतात. उद्यानापुढे तिसरा पर्याय होता. दार थोडेसे उघडणे, मोजकी माणसे आत घेणे आणि परिस्थिती पाहून ते दार अधिक उघडणे किंवा पुन्हा लावून घेणे त्याला शक्य होते. हा पर्याय निरनिराळ्या देशांनी कसा वापरला, त्यात कोणत्या उपायांचा खरोखर उपयोग झाला आणि कोणते उपाय केवळ मनाच्या समाधानासाठी होते, हे पाहणे उद्बोधक आहे. गर्दी आणि साथ यांचा संबंध कुंपणाने वेढलेल्या या छोट्याशा नगरीत जितका स्पष्ट दिसतो, तितका तो मोकळ्या शहरात दिसत नाही.

साथ आणि करमणूक : जुने नाते

साथीच्या काळात करमणुकीची स्थळे बंद ठेवणे ही काही नवी गोष्ट नव्हे. १९१६ साली न्यूयॉर्क शहरात पोलिओची मोठी साथ आली, तेव्हा सोळा वर्षांखालील मुलांना चित्रपटगृहांत येण्यास मनाई करण्यात आली होती. पुढेही अनेक वर्षे अमेरिकेतील पालकांना उन्हाळा म्हणजे पोलिओचा ऋतू वाटे आणि पोहण्याचे तलाव भर उन्हाळ्यात रिकामे ठेवले जात. १२ एप्रिल १९५५ रोजी जोनास साल्क यांची पोलिओप्रतिबंधक लस सुरक्षित व परिणामकारक असल्याचे जाहीर झाले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १७ जुलै १९५५ रोजी, कॅलिफोर्निया राज्यातील अ‍ॅनाहाइम येथे डिस्नेलँडची दारे उघडली. या दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध नाही. परंतु हजारो मुलांनी एका ठिकाणी निर्धास्तपणे जमावे अशा उद्योगाची भरभराट बालरोगांची भीती ओसरू लागली त्या काळात झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ही निर्धास्तता पूर्णपणे रास्त नव्हती, याची जाणीव त्याच उद्यानाने पुढे करून दिली. डिसेंबर २०१४ मध्ये नाताळच्या सुटीतील गर्दीत डिस्नेलँडमध्ये गोवराचा संसर्ग झाला. गोवर हवेतून पसरतो आणि रोगी निघून गेल्यावरही त्याचे विषाणू काही काळ हवेत टिकून राहतात. उद्यानात आलेली कुटुंबे आपापल्या गावी परतली आणि रोगही त्यांच्याबरोबर गेला. या एका उद्रेकात अमेरिकेत सुमारे १४७ रुग्ण आढळले. शेजारच्या कॅनडात व मेक्सिकोतही रोग पोहोचला. त्यानंतर जून २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून, वैयक्तिक मताच्या आधारावर शाळकरी मुलांचे लसीकरण टाळण्याची सवलत काढून घेतली. उद्यानाचे कुंपण माणसांना अडवते, पण रोगाला अडवू शकत नाही, हा धडा महासाथीच्या पाच वर्षे आधीच मिळालेला होता.

दारे मिटली

जानेवारी २०२० च्या अखेरीस चीनमधील नववर्षाचा सण तोंडावर आला असताना उद्याने बंद होण्यास सुरुवात झाली. शांघायचे डिस्नेलँड २५ जानेवारीला आणि हाँगकाँगचे २६ जानेवारीला बंद झाले. टोकियोचे उद्यान २९ फेब्रुवारीपासून बंद राहिले. ११ मार्च रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ही जागतिक महासाथ असल्याचे म्हटले आणि त्याच आठवड्यात कॅलिफोर्निया, फ्लॉरिडा आणि पॅरिस येथील उद्यानांनी दारे लावून घेण्याचा निर्णय केला. डिस्नेलँडच्या पासष्ट वर्षांच्या इतिहासात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येनंतरचा दुखवट्याचा दिवस किंवा ११ सप्टेंबर २००१ असे मोजकेच दिवस ते अचानक बंद राहिले होते. यावेळी ते तेरा महिन्यांहून अधिक काळ बंद राहिले.

शांघायचा पहिला प्रयोग

मोठ्या उद्यानांपैकी शांघायचे डिस्नेलँड ११ मे २०२० रोजी प्रथम उघडले. तेथे एरवी एका दिवसात ८०,००० माणसे सामावली जात. शासनाने या संख्येच्या ३० टक्के, म्हणजे सुमारे २४,००० अशी मर्यादा घालून दिली आणि उद्यानाने सुरुवातीस त्याहूनही कमी लोकांना प्रवेश दिला. तिकीट आगाऊ व ठराविक दिवसाचेच घ्यावे लागे. दाराशी शरीराचे तापमान मोजले जाई, भ्रमणध्वनीवरील आरोग्य-संकेत दाखवावा लागे आणि मुखपट्टी अनिवार्य होती. रांगेत उभे राहण्याच्या जागा जमिनीवर पट्ट्यांनी आखलेल्या होत्या. मिरवणुका आणि रात्रीचे शोभेचे दारूकाम बंद ठेवण्यात आले. कथांतील पात्रांची सोंगे घेतलेले कलावंत मुलांना जवळ घेऊ शकत नव्हते. ते दुरूनच हात हलवत.

या उपायांची दोन गटांत विभागणी करता येते. तापमान मोजणे, कठडे पुसणे, हातांवर जंतुनाशक घेणे हे पहिल्या गटातील उपाय डोळ्यांना दिसत आणि पाहुण्याला धीर देत. प्रवेशसंख्या घटवणे, मिरवणुका थांबवणे आणि मुखपट्टी सक्तीची करणे हे दुसऱ्या गटातील उपाय पाहुण्याला गैरसोयीचे वाटत. पुढे जसजसे ज्ञान वाढत गेले, तसतसे दुसऱ्या गटाचे महत्त्व अधिक असल्याचे सिद्ध झाले. कोव्हिडची बाधा झाल्यानंतर लक्षणे दिसू लागण्यास सरासरी ५ ते ६ दिवस लागतात आणि लक्षणे दिसण्यापूर्वीच मनुष्य रोग पसरवू शकतो. त्यामुळे दाराशी धरलेला तापमापक अनेक बाधितांना निरोगी ठरवून आत सोडतो. पृष्ठभागांच्या बाबतीतही असेच घडले. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने असे म्हटले की, दूषित वस्तूला एकदा स्पर्श झाल्याने बाधा होण्याची शक्यता साधारणतः दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. तोपर्यंत जगभरच्या उद्यानांत पाळण्यांचे दांडे पुसण्यासाठी असंख्य तास खर्च झाले होते.

मिरवणूक आणि दारूकाम बंद ठेवण्यामागील कारण वेगळे होते. आतषबाजीने रोग पसरत नाही. पण ती पाहण्यासाठी उद्यानभर विखुरलेली माणसे एकाच चौकात खांद्याला खांदा लावून उभी राहतात. उद्यानाची आखणी करणाऱ्यांनी अनेक दशके माणसांना एकत्र आणण्याचे जे कौशल्य कमावले होते, ते आता उलट दिशेने वापरावे लागत होते.

रांगेचे गणित

प्रवेशसंख्या तिसऱ्या हिश्श्यावर आणल्यावर रांगा नाहीशा होतील, अशी पुष्कळांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी रांगा पूर्वीहून लांब दिसत. याचे कारण साध्या हिशेबाने समजून घेता येईल.

समजा, एका रोलर कोस्टरच्या गाडीत चार-चार आसनांच्या सहा ओळी, म्हणजे २४ आसने आहेत आणि दर दीड मिनिटाला एक गाडी सुटते. एका तासात ४० गाड्या सुटतील आणि ९६० माणसांचा खेळ होईल. आता एकाआड एक ओळ मोकळी ठेवावयाची आणि एका ओळीत एकाच कुटुंबाला बसवावयाचे, असा नियम केला. आसने उरली बारा. पण दोघांचे किंवा तिघांचे कुटुंब चार आसनांची ओळ अडवते. म्हणून एका गाडीत सरासरी आठच माणसे बसतील आणि तासाला ३२० जणांचाच खेळ होईल. म्हणजे खेळाची शक्ती एक-तृतीयांश झाली. प्रवेशसंख्येवर तेवढीच मर्यादा घातली, तर प्रत्येकाला थांबावे लागणारा वेळ पूर्वीइतकाच राहील. कमी होणार नाही.

आता रांगेची लांबी पाहू. एरवी दाटीने उभ्या राहिलेल्या रांगेत एका मीटरमध्ये दोन ते तीन माणसे मावतात. ९६० माणसांना सुमारे ४०० मीटर लांबीची वाट पुरते. दोन कुटुंबांमध्ये दोन मीटर अंतर ठेवले, तर तिघांचे कुटुंब सुमारे तीन मीटर जागा घेते, म्हणजे मीटरला एक मनुष्य. मग ३२० माणसांनाच ३२० मीटर वाट लागते. माणसे एक-तृतीयांश, पण रांग जवळजवळ पूर्वीइतकीच! त्यातच वळणावळणांच्या, छपराखालील, कोंदट वाटा टाळावयाच्या असल्याने ही रांग बाहेर रस्त्यावर येते. उद्यान रिकामे असूनही गजबजलेले का दिसे, याचे उत्तर या हिशेबात आहे.

यावर उपाय म्हणून अनेक उद्यानांनी रांगेऐवजी वेळ वाटून देण्याची पद्धत वापरली. पाहुण्याने भ्रमणध्वनीवरून आपला क्रमांक लावावा आणि पाळी आल्यावरच खेळापाशी यावे. भोजनाची मागणीही अशीच दुरून नोंदवली जाई. ही पद्धत सोयीची खरी. तथापि तिने उद्यानाच्या स्वरूपातही बदल केला. पूर्वी मनुष्य पाय नेतील तिकडे भटकत असे. आता त्याचा दिवस आगाऊ आखलेला असे. ज्याच्याजवळ अद्ययावत भ्रमणध्वनी नाही, अथवा जो तो सफाईने वापरू शकत नाही, त्याच्या वाट्याला कमी खेळ येऊ लागले.

मनातल्या मनात किंकाळी

जपानमधील उद्यानांनी साथीचा विचार थोड्या वेगळ्या अंगाने केला. तेथील शासनाने जनतेला तीन गोष्टी टाळण्यास सांगितले होते : कोंदट बंदिस्त जागा, दाट गर्दी आणि अगदी जवळून होणारे संभाषण. मे २०२० च्या अखेरीस तेथील उद्यानांच्या संघांनी नियमावली प्रसिद्ध केली. तीत रोलर कोस्टरसारख्या खेळांत मोठ्याने ओरडणे टाळावे, अशी सूचना होती. फुजी पर्वताजवळील फुजी-क्यू हायलँड या उद्यानाने एक चित्रफीत काढली. तीत कंपनीचे दोन वरिष्ठ अधिकारी मुखपट्टी लावून, निर्विकार चेहऱ्याने, ‘फुजियामा’ या उंच रोलर कोस्टरवरून अवाक्षरही न काढता जातात आणि अखेरीस किंकाळी मनातल्या मनात फोडण्याची विनंती झळकते. जगभर लोक ही चित्रफीत पाहून हसले.

परंतु या सूचनेमागे विज्ञान होते. मनुष्य श्वास सोडताना, बोलताना, गाताना सूक्ष्म तुषारकण बाहेर टाकतो आणि आवाज जितका मोठा, तितके हे कण अधिक असतात. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट परगण्यात एका गायकवृंदाच्या सरावाला ६१ माणसे जमली होती. त्यांपैकी ५३ जणांना रोग झाला अथवा झाल्याचे मानले गेले आणि दोघांचा मृत्यू झाला. तेथे कोणी शिंकत-खोकत बसले नव्हते. त्यांनी बंद जागेत सुमारे अडीच तास गायन केले होते. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन, हा रोग हवेतून पसरू शकतो याची आरोग्यसंस्थांनी दखल घ्यावी, असे जाहीर आवाहन केले. जपानची नियमावली त्याआधीच या दिशेने गेली होती.

या दृष्टीने पाहिले तर उद्यानातील सर्वांत धोक्याची जागा रोलर कोस्टर नव्हती. तो उघड्या हवेत वेगाने धावतो आणि वारा तुषारकण उधळून लावतो. खरा धोका होता तो अंधाऱ्या, वातानुकूलित प्रेक्षागृहात, रांगेच्या छपराखालील वळणांत आणि मुखपट्टी काढून जेवावयास बसण्याच्या दालनात. ज्या खेळाची मनाला भीती वाटते तो तुलनेने सुरक्षित आणि ज्या थंडगार दालनात जीव सुखावतो ते धोक्याचे, अशी उलटी स्थिती होती.

एक कंपनी, दोन राज्ये

अमेरिकेत एकाच कंपनीची दोन मोठी उद्याने दोन राज्यांत आहेत. साथीच्या काळात त्या दोन राज्यांनी परस्परविरुद्ध मार्ग धरले.

फ्लॉरिडातील ओर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डने ११ जुलै २०२० पासून टप्प्याटप्प्याने दारे उघडली. दुसऱ्याच दिवशी, १२ जुलैला, फ्लॉरिडाने एका दिवसात १५,२९९ नव्या रुग्णांची नोंद जाहीर केली. तोवर अमेरिकेतील कोणत्याही राज्यात एका दिवसात इतके रुग्ण नोंदले गेले नव्हते. उद्यानाच्या आत मात्र नियम कडक होते. चालता चालता खाण्यास बंदी होती, कारण त्या निमित्ताने मुखपट्टी उतरते. खेळात मुखपट्टी काढणाऱ्याला त्याचे छायाचित्र मिळत नसे. पहिल्या काही महिन्यांत तेथून मोठा उद्रेक झाल्याचे आरोग्याधिकाऱ्यांनी नोंदवले नाही. मात्र या गोष्टीवरून फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही. पाहुणे दूरदूरच्या राज्यांतून येतात, तीन-चार दिवस राहतात आणि लक्षणे दिसण्यापूर्वी घरी परततात. त्यांना बाधा उद्यानात झाली, विमानात झाली की उपाहारगृहात, हे शोधून काढणे अत्यंत कठीण असते.

कॅलिफोर्नियाने उलट भूमिका घेतली. डिस्नेलँडचा ६५ वा वाढदिवस, १७ जुलै २०२०, हा पुन्हा उघडण्याचा दिवस ठरला होता. पण राज्यात रुग्ण वाढू लागल्याने तो पुढे ढकलावा लागला. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्याने नियम केला की, मोठी उद्याने ज्या जिल्ह्यात आहेत तेथे रोगाचे प्रमाण सर्वांत खालच्या पातळीवर, म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे दररोज एकाहूनही कमी नवा रुग्ण असे, आल्यावरच ती उघडावीत. मार्च २०२१ मध्ये नियम सैल झाले. १ एप्रिलपासून जिल्ह्यातील रोगाच्या पातळीनुसार १५, २५ किंवा ३५ टक्के लोकांना प्रवेश देण्याची मुभा मिळाली. अखेर ३० एप्रिल २०२१ रोजी डिस्नेलँड उघडले. सुरुवातीस केवळ राज्यातील रहिवाशांसाठी आणि २५ टक्के क्षमतेने. तत्पूर्वी, जानेवारी २०२१ मध्ये, त्याच डिस्नेलँडच्या वाहनतळावर ऑरेंज काउंटीचे मोठे लसीकरण केंद्र सुरू झाले होते. उद्यानाच्या दारापेक्षा वाहनतळ आधी उघडला आणि दार उघडण्याची वाट तेथून गेली, असे म्हणता येईल.

दोन्ही मार्गांमागे विचार होता. फ्लॉरिडाचे म्हणणे असे की, आतील नियम काटेकोर असतील तर उद्यान चालवता येते. कॅलिफोर्नियाचा दंडक असा की, उद्यान कितीही शिस्तीचे असले तरी आत येणारा प्रत्येक मनुष्य बाहेरच्या समाजातून येतो. म्हणून समाजातील रोगाचे मान पाहूनच दार उघडावे. आरोग्यशास्त्राच्या दृष्टीने दुसरा विचार अधिक पायाशुद्ध आहे. शंभरांत एक बाधित असेल तर दहा हजार पाहुण्यांत सुमारे शंभर बाधित असतील. दहा हजारांत एक असेल तर एकच असेल. दाराशी कितीही तपासणी केली, तरी हे अंतर भरून निघत नाही. पण या विचाराची किंमतही मोजावी लागते आणि ती कोणी मोजली, हे पाहणे आवश्यक आहे.

दारामागची माणसे

उद्यानात पाहुण्यांइतकीच महत्त्वाची माणसे म्हणजे तेथे काम करणारी. पाळण्याचा दांडा बसवणारा, रांग सांभाळणारा, सोंग घेऊन नाचणारा, खोल्यांतील चादरी बदलणारी, रात्री रस्ते धुणारा अशा हजारो हातांवर हा उद्योग चालतो. एप्रिल २०२० मध्ये वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधील संघटित कामगारांपैकी सुमारे ४३,००० जणांना बिनपगारी रजेवर पाठवण्यात आले. सप्टेंबरच्या अखेरीस डिस्ने कंपनीने अमेरिकेतील उद्याने व त्यांच्याशी संलग्न विभागांतील २८,००० जणांना कामावरून कमी करण्याचे जाहीर केले. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश अर्धवेळ कर्मचारी होते.

या माणसांपुढील पेच विलक्षण होता. जून २०२० मध्ये डिस्नेलँडच्या कामगार संघटनांच्या आघाडीने राज्यपालांना कळवले की, उद्यान सुरक्षितपणे उघडता येईल याची आपल्याला खात्री वाटत नाही. त्यानंतर काही महिन्यांनी, जवळची पुंजी संपत आल्यावर, कामगारांमधूनच दारे उघडावीत अशी मागणी होऊ लागली. ही धरसोड नव्हती. रोगाची भीती आणि उपासमारीची भीती या दोहोंत त्या त्या वेळी जी मोठी होती, ती त्यांनी बोलून दाखवली. फ्लॉरिडातील रंगमंचीय कलावंतांची अडचण आणखी वेगळी होती. गाताना व अभिनय करताना त्यांना मुखपट्टी लावता येत नव्हती, म्हणून त्यांच्या संघटनेने नियमित चाचण्यांची मागणी केली. चाचणी केंद्राची सोय झाल्यावर ऑगस्ट २०२० मध्ये हा वाद मिटला.

पाहुणा आणि कर्मचारी यांच्या जोखमीत एक मूलभूत फरक असतो. पाहुणा एक दिवस येतो आणि यावे की न यावे हे स्वतः ठरवतो. कर्मचारी रोज येतो, रोज हजारो अनोळखी माणसांसमोर उभा राहतो आणि न येण्याचे स्वातंत्र्य त्याला क्वचितच असते. उद्यान सुरक्षित आहे काय, हा प्रश्न विचारताना तो कोणासाठी विचारला जात आहे, हे स्पष्ट केले पाहिजे.

भारतातील उद्याने

आपल्या देशात हा उद्योग अलीकडचा आहे. दिल्लीचे अप्पू घर १९८४ साली सुरू झाले आणि २००८ साली बंद झाले. १९८९ मध्ये मुंबईजवळ गोराई येथे एसेलवर्ल्ड उघडले. २००० सालापासून कोची, बंगळूर व हैदराबाद येथे वंडरलाची उद्याने उभी राहिली आणि २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले. मार्च २०२० मध्ये ही स्थळे बंद झाली. एप्रिल ते जून हा शाळांच्या सुटीचा, म्हणून कमाईचा मुख्य हंगाम. तोच पूर्णपणे हातचा गेला.

केंद्रीय गृह मंत्रालयाने १५ ऑक्टोबर २०२० पासून, प्रतिबंधित क्षेत्रे वगळून, मनोरंजन उद्याने उघडण्यास अनुमती दिली. आरोग्य मंत्रालयाने ८ ऑक्टोबरला त्यासाठी कार्यपद्धती प्रसिद्ध केली. सहा फुटांचे अंतर, मुखपट्टी, तापमानाची तपासणी आणि बंदिस्त दालनांत मोकळ्या हवेची व्यवस्था ही तिची प्रमुख अंगे होती. त्याच वेळी ६५ वर्षांवरील वृद्ध, गर्भवती स्त्रिया आणि १० वर्षांखालील मुले यांनी शक्यतो घरीच राहावे, हा सर्वसाधारण सल्लाही कायम होता. आजोबा आणि नातू दोघेही ज्याच्या दारातून परत फिरवावेत असे मनोरंजन उद्यान काय कामाचे, असा प्रश्न यातून उभा राहिला. कुटुंबाच्या सहलीतून कुटुंबच वजा झाले होते. राज्य शासनांच्या अनुमतीनुसार काही उद्याने त्या वर्षाच्या अखेरीस उघडली. बंगळूरचे वंडरला नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाले. परंतु एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली, मे महिन्यात देशात दिवसाला ४ लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले आणि सलग दुसऱ्या वर्षीचा उन्हाळी हंगाम बुडाला. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२१ मध्ये उद्याने पुन्हा उघडण्यास परवानगी मिळाली, तेव्हाही ती आरंभी पाण्यातील खेळ वगळून होती.

उघडणे ही एकच घटना नव्हे

उद्यान पुन्हा उघडणे म्हणजे एकदा फीत कापली की संपले, अशी समजूत प्रारंभी होती. अनुभव निराळा आला. हाँगकाँगचे डिस्नेलँड १८ जून २०२० ला उघडले, १५ जुलैला बंद झाले, २५ सप्टेंबरला पुन्हा उघडले, २ डिसेंबरला पुन्हा बंद झाले आणि १९ फेब्रुवारी २०२१ ला आणखी एकदा उघडले. पॅरिसचे उद्यान १५ जुलै २०२० ला उघडले. ऑक्टोबरच्या अखेरीस ते बंद झाले आणि १७ जून २०२१ पर्यंत बंदच राहिले.

सर्वांत पहिले उघडलेल्या शांघायच्या उद्यानाने तर दार उघडण्याचे आणखी एक रूप दाखवले. आदल्या दिवशी येऊन गेलेल्या एका व्यक्तीला बाधा झाल्याचे कळताच, ३१ ऑक्टोबर २०२१ च्या संध्याकाळी उद्यानाचे प्रवेशद्वार बंद करण्यात आले आणि आतील सुमारे ३४,००० माणसांना चाचणी केल्याविना बाहेर सोडण्यात आले नाही. पांढऱ्या संरक्षक पोशाखातील कर्मचारी नमुने घेत असताना आकाशात नेहमीची आतषबाजी चालू होती. या चाचण्यांत कोणीही बाधित आढळले नाही, तरी उद्यान दोन दिवस बंद राहिले. पुढील वर्षी नेमक्या त्याच दिवशी, ३१ ऑक्टोबर २०२२ ला, असाच प्रकार पुन्हा घडला. ज्या कुंपणामुळे गर्दी मोजता येत होती, त्याच कुंपणामुळे ती कोंडूनही ठेवता येत होती.

महासाथीने या उद्योगाची किती हानी केली, याची कल्पना एका आकड्यावरून येईल. फ्लॉरिडातील मॅजिक किंगडम या उद्यानाला २०१९ मध्ये सुमारे २ कोटी ९ लाख पाहुण्यांनी भेट दिल्याचा अंदाज आहे. २०२० मध्ये ही संख्या सुमारे ६९ लाखांवर आली. मात्र लसीकरण वाढले आणि निर्बंध उठले, तशी माणसे परतली. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोव्हिडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, तोवर बहुतेक उद्यानांतून जमिनीवरील पट्ट्या पुसल्या गेल्या होत्या. भ्रमणध्वनीवरून लावावयाचा क्रमांक मात्र अनेक ठिकाणी कायम राहिला.

पुढे कधी अशी वेळ आली तर कोणती शिकवण उपयोगी पडेल? एखाद्या स्थळाने दार उघडले आहे, एवढ्यावरून तेथे जाणे सुरक्षित ठरत नाही आणि दार बंद आहे, एवढ्यावरून तेथील व्यवस्था वाईट ठरत नाही. त्या परिसरात रोगाचे मान किती आहे, आत किती माणसे घेतली जातात, हवा खेळती आहे काय, तेथे काम करणाऱ्यांना आजारपणात पगारी रजा मिळते काय, हे प्रश्न दाराशी धरलेल्या तापमापकाहून अधिक सांगून जातात. यांतील शेवटचा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वस्तुतः ज्या कर्मचाऱ्याला ताप असतानाही पोटासाठी कामावर यावे लागते, त्याच्या असहायतेतूनच रोग आत शिरतो. त्याची काळजी घेणे हे माणुसकीचे काम आहेच. आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या सुरक्षिततेचाही तोच पाया आहे.